कौशल्येच्या ताटातली पोळी

कौशल्या लग्न होऊन नागपुरात आली तेव्हा गावातल्या बायांना तिचा हेवा वाटला तो सोन्यानाण्यासाठी नाही, पोळीसाठी. नरखेड तालुक्यातलं तिचं गाव. सभोवार संत्र्याच्या बागा होत्या, पण त्या दुसऱ्यांच्या. तिचा बाप बळीराम याच्या कोरडवाहू तुकड्यात कापूस आणि ज्वारी, एवढंच पिकायचं. घरात गहू यायचा तो सणाला, नाहीतर जावईबापू आले तर. आणि इकडे जुनी शुक्रवारीत राहणाऱ्या वामनरावांच्या घरी रोज दोन्ही वेळ पोळी. मुलगी पाहायला आल्या तेव्हाच सिंधूताईंनी, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंनी, ओसरीवर बसल्या बसल्या ऐकवलं होतं की आमच्याकडे ज्वारीचा दाणा शिजत नाही. लहानपणी त्या स्वतः भाकरीवरच वाढल्या होत्या. ते विसरायला त्यांना फार कष्ट पडले असावेत, म्हणूनच ज्वारी शिजत नाही हे त्या इतक्या वेळा बोलून दाखवत.

नवरा मुकुंद कळमेश्वरच्या एका कारखान्यात फिटर होता. सकाळच्या एसटीने जायचा, दिवेलागणीला यायचा. स्वभावाने वाईट नव्हता. घरात आई बोलत असली की तो जेवत असे आणि आईचं बोलणं संपलं की हात धुवत असे, इतकंच.

पहिल्या दोनतीन महिन्यांतच कौशल्येचं पोट बिघडलं. पाणी बदललं, असं सगळे म्हणाले. मग पावसाळा आहे, असं म्हणाले. मग म्हणायला काही उरलं नाही. पोट फुगायचं, दिवसातून पाचसहादा जावं लागायचं, आणि चार बिऱ्हाडांत संडास एक. सकाळी टमरेल घेऊन बाया रांगेत उभ्या असत आणि ही आत. दार वाजायचं. बाहेर आली की मान खाली घालून सगळ्यांसमोरून घरात यावं लागे. शेजारच्या मीराबाईंनी एकदा सिंधूताईंना हसत विचारलं, "ताई, सून आणली का पाण्याचा पंप?" बाया हसल्या. सिंधूताईही हसल्या, आणि घरात येऊन त्या हसण्याची वसुली त्यांनी कौशल्येकडून केली.

दिवाळीला ती माहेरी गेली. पंधरा दिवस भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. पोट बसलं, गालांवर मांस चढलं. परत आली तेव्हा सिंधूताईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वामनरावांना म्हणाल्या, "पाहा. सासरचं अन्न पचत नाही बाईले. माहेरचा दगड खाल्ला तरी पचते." पुन्हा महिनाभरात तेच दुखणं सुरू झालं, तेव्हा त्यांची खात्री झाली की हे सोंग आहे. सोंगाला औषध नसतं, असं त्यांचं मत होतं.

तिसऱ्या वर्षी तिची पाळी चुकली. सिंधूताईंना आनंद झाला, त्यांनी गल्लीत सांगितलंही, कैऱ्यांचं लोणचं वेगळं काढून ठेवलं. पुढच्या महिन्यातही पाळी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही, आणि पोटात मात्र काहीच नव्हतं. अंगात रक्तच इतकं कमी की पाळी बंद झाली होती. ज्या तोंडाने गल्लीत सांगितलं त्याच तोंडाने नाही म्हणावं लागलं, हे सिंधूताईंनी सुनेला कधी माफ केलं नाही.

मग त्यांनीच तिला सोळा सोमवार धरायला लावले. कौशल्या देवाधर्माची होती, तिनं मनापासून धरले. सोमवारी दिवसभर काही खायचं नाही. संध्याकाळी महादेवाच्या देवळात जायचं, कणकेचा तूप-गूळ घालून केलेला चुरमा, त्याचे तीन भाग करायचे, एक देवाला, एक वाटायला, एक आपण खायचा. दुसरं काही खायचं नाही. आणि दर मंगळवारी ती अंथरुणातून उठू शकत नसे. इतर दिवशी पोळीबरोबर वरण असे, भात असे, दुखणं वाटून जाई. सोमवारी पोटात फक्त कणीक आणि देवाचं नाव, आणि मंगळवारी असे हाल. तिच्या मनात शंका आली तेव्हा ती स्वतःलाच घाबरली. प्रसाद बाधतो म्हणणं म्हणजे पाप. तिनं देवळात हात जोडून हळूच विचारलं, महादेवा, तुझा प्रसाद बाधतो असं मी म्हणत नाही, पण गहू बाधतो का, एवढं सांग. महादेवाने काही सांगितलं नाही. अकराव्या सोमवारी प्रसादाचं ताट हातात असतानाच ती देवळाच्या पायरीवर कोसळली.

मुकुंद कामगार होता, म्हणून विम्याच्या दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी मिळाली. तिथला डॉक्टर तरुण होता, दिल्लीकडे शिकून आलेला. त्यानं तिच्या पापण्या उलटून पाहिल्या, सुजलेली पावलं दाबून पाहिली आणि मग तिला असं काही विचारलं जे आजवर कोणी विचारलं नव्हतं. काय खाता, आणि कुठे असताना बरं वाटतं?

"माहेरी," ती म्हणाली. "तिथं आम्ही भाकर खातो."

सिंधूताई मागून हसल्या. डॉक्टर हसला नाही. तो मुकुंदला घेऊन बाहेर व्हरांड्यात गेला आणि अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत त्याला समजावून सांगितलं. गव्हात एक चिकट अंश असतो, काहींच्या आतड्याला तो सोसत नाही, आतड्याची आतली लव झडून जाते, टॉवेल झिजून गुळगुळीत व्हावा तसं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. पंजाबकडची मुलं अशी त्यानं पाहिली होती. खात्री करायची तर नळीला बांधलेली एक डबी गिळायला देऊन आतड्याचा इवलासा तुकडा काढून पाहावा लागेल. ते उपकरण सध्या दुरुस्तीला गेलं आहे, दोन महिन्यांनी या. आणि तोवर पोळी बंद करू नका, दोन्ही वेळ खाऊ द्या. बंद केली तर आतडं भरून येतं आणि मग तपासणीत काही दिसत नाही.

हे सगळं बाहेर झालं. जिच्या आतड्याविषयी ते बोलत होते ती आत बाकावर बसून होती. आणि मुकुंदने घरी येऊन चहा पिता पिता यातलं एकच वाक्य सांगितलं, "पोळी बंद करायची नाही म्हणे." का, ते आईने विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. कौशल्येला वेगळं काही सांगायची तर गरजच कोणाला वाटली नाही. तिला वाटलं, डॉक्टरही यांच्यातलाच निघाला. सिंधूताईंना तर काठीच सापडली. "पाहा वं, डाक्टरबी म्हणते पोळीच खा. आता तरी नखरे सोड."

काही दिवस तिनं खाल्ली. मग एका दुपारी, सासूबाई पाणी आणायला उठल्या तेवढ्यात, तिनं पोळी पदराखाली घेतली. दारात गवळ्याची गाय उभी होती. गाईला घास घालणं ही त्या घरातली जुनी रीत. पहिली पोळी गाईची. आता दुसरी आणि तिसरीही गाईची झाली. कोणी पाहिलंच तर गोग्रास घालते आहे असं दिसे, आणि सिंधूताईंनी एकदोनदा पाहिलंही, तेव्हा सून धार्मिक आहे याचं त्यांना बरं वाटलं. कौशल्या वरण-भातावर पोट भरू लागली. आपण देवाच्या नावाआड खोटं लपवतो आहोत याची तिला रोज टोचणी लागे. पण पोट शांत झालं. पायांची सूज उतरली. केस गळायचे थांबले. सिंधूताई म्हणाल्या, अकरा सोमवार का होईना, महादेव पावला.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरने विचारलं, "पोळी रोज खाता ना? दोन्ही वेळ?"

सिंधूताई तिच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभ्या होत्या. नाही म्हणावं तर दोन महिने अन्न फेकलं, खोटं बोलली, आणि तेही गोमातेला पुढे करून. घरी गेल्यावर काय होईल ते तिला ठाऊक होतं. या उत्तराने इथे काय होईल ते मात्र ठाऊक नव्हतं.

"खाते," ती म्हणाली.

"नक्की?"

"हो."

मग ती नळी गिळणं, उजव्या कुशीवर तासन् तास पडून राहणं, ओकाऱ्या, एक्स-रे, आणि शेवटी ती डबी घशातून ओढून काढणं. रडली नाही. डॉक्टर खरं काय ते शोधून काढेल, एवढ्या आशेवर तिनं ते सोसलं. बाहेर व्हरांड्यात सिंधूताई इतर बायांना सुनेच्या दुखण्याची गोष्ट सांगत होत्या आणि बाया तोंडाला पदर लावून ऐकत होत्या.

निकाल घ्यायला मुकुंद, सासूबाई आणि ती, अशी तिघं गेली. डॉक्टरचा चेहरा जरा पडलेला होता. म्हणाला, आतडं चांगलं आहे. माझी शंका चुकली. दोन्ही वेळ पोळी खाऊन आतडं असं राहिलं, म्हणजे गव्हाचा दोष नाही. खात नसत्या तर गोष्ट वेगळी होती.

तेव्हा तिला कळलं. तिनं तोंड उघडलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि मिटलं.

बोलली ती संध्याकाळी, घरी. मुकुंद कपडे बदलत होता, वामनराव पाट मांडून बसले होते. तिनं सगळं सांगितलं, गाईचंही. सिंधूताईंच्या हातातलं लाटणं थांबलं. पहिल्यांदा त्यांना राग आला तो अन्न वाया गेल्याचा. मग देवाला फसवल्याचा. मग त्यांना हसू आलं.

"आता म्हणते खाल्लीच नाही," त्या मुकुंदला म्हणाल्या. "दवाखान्यात डाक्टरनं दोनदा इचारलं, दोनदा खाते म्हणे. आता चोरी सापडली तं गाईवर ढकलून राहिली. कोनाले इचारू बापा, गाईले?"

"मी खरं सांगून राहिली, आत्याबाई. पुन्हा तपासा मले," कौशल्या सासूला म्हणाली.

मुकुंदने तिच्या तोंडात मारली. जोरात नाही, पण आईच्या समोर मारली. मग तो पाटावर बसला आणि त्याला पोळी वाढली गेली.

दुसऱ्या दिवसापासून कौशल्येचं ताट सासूबाईंच्या पुढ्यात मांडलं जाऊ लागलं. भात बंद. पोळी पूर्ण खाल्ली की तोंड उघडून दाखवायचं. सिंधूताई बोट घालून गाल चाचपत, लहान मुलाने माती खाल्ली का पाहावं तसं. गाईला घास त्या स्वतः घालू लागल्या. पंधरवड्यात तिची पावलं पुन्हा सुजली. आता रोज दोन्ही वेळ खाते आहे आणि आजारी पडते आहे, हे घरातल्या तिघांच्याही डोळ्यांसमोर घडत होतं. पण दवाखान्याने सांगितलं होतं की गव्हाने काही होत नाही. त्यापुढे डोळ्यांचं कोण ऐकतो? जिद्दीने आजारी पडते, असं ठरलं. एका रविवारी मुकुंदने तिला एसटीत बसवलं आणि हवापालट म्हणून माहेरी सोडून आला. उंबऱ्यातून पाणी पिऊन परत फिरला.

माहेरी ती महिनाभरात उठून बसली, दोन महिन्यांत विहिरीवरून पाणी आणू लागली. पाळी परत आली. तिची आई अंजनाबाई आनंदली. पण तो आनंद टिकायचा नव्हता, कारण त्याच सुमारास सासरची माणसं आली. वामनराव, सिंधूताई आणि त्यांचा पुतण्या ताराचंद, जो एका वकिलाकडे कारकून होता आणि भावकीतली अशी कामं करत असे. सोडचिठ्ठीवर बळीरामाचा अंगठा हवा होता. मुकुंदसाठी दुसरी मुलगी पाहून झाली होती.

कौशल्या पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा तिघांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे भरलेले गाल हाच त्यांचा पुरावा.

"पाहा इवाई," वामनराव आपल्या व्याह्याला, बळीरामाला म्हणाले, "तुमच्या घरी कशी टुमटुमीत हाये. आमच्याच घरी मरते ते. आता तुमीच सांगा रोग कुठं हाये."

बळीरामाने पानाचं ताट पुढे सरकवलं. कौशल्येनेच सांगितलं, तिला नांदायचं आहे, पुन्हा एकदा तपासणी करू द्या. ताराचंद सुपारी कातरत म्हणाला, "वहिनी, दवाखाना काय बुधवार बाजार हाये? एका दुकानात भाव पटला नाही तं चालले दुसऱ्या दुकानात?" सिंधूताईंना ते फार आवडलं. तरी वामनराव चार माणसांत नाव राखणारे होते. संक्रांतीपर्यंत थांबतो, म्हणाले. तोवर काय ते करा.

ते गेल्यावर कौशल्या आईला म्हणाली, "माय, गहू दळून आण."

अंजनाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं परातीला हात लावायला नकार दिला. "लोकं सुनेले जाळतात असं आयकलं होतं," ती म्हणाली. "आईनं पोरीले इख चारल्याचं नाही आयकलं."

"तू चारली नाही तं डाक्टरले दिसन कसं? नाही दिसलं तं मी जन्मभर खोटीच."

मग अंजनाबाई रोज कणीक मळू लागली. मळताना देवाला शिव्या द्यायची, आणि शिव्या देऊन झाल्या की हात जोडायची. बळीरामाच्या चुलीवर रोज पोळी फुगते हे गावात पसरलं. पोरगी परत आली तरी यांचा थाट पाहा, असं बायका बोलल्या. या खेपेला कौशल्येने एक घासही टाकला नाही. पोट धरून खाल्ली, बाहेरून येऊन पुन्हा खाल्ली. गाल बसले, मग हाडं वर आली, मग तिला उठवून बसवावं लागू लागलं. आई रडली की ती म्हणे, "रडू नको वं, चांगलं होऊन राहिलं." दुखणं वाढत होतं आणि तिला धीर येत होता. सासरी हीच पोळी तिला धाकाने चारत होते. इथे ती स्वतःच्या आशेने खात होती.

संक्रांतीच्या आधी बळीरामाने तिला बैलगाडीत, मग एसटीत घालून त्याच डॉक्टरकडे नेलं. तिनं आल्या आल्या सगळं खरं सांगितलं. डॉक्टरने आधीचा निकाल काढून पुन्हा वाचला. मग म्हणाला, तेव्हाच एक शब्द बोलल्या असत्या तर, बाई. पुन्हा नळी, पुन्हा डबी. या वेळी तिच्यात ओकायचीही ताकद नव्हती. तिला तिथंच खाटेवर ठेवून घेतलं.

निकाल आला. लव पार झडलेली. डॉक्टरने इंग्रजीत कागद लिहून दिला आणि मोडक्या मराठीत समजावलं. गहू जन्मात खायचा नाही. ज्वारी, तांदूळ, डाळी, सगळं खा. वर्षभरात धडधाकट व्हाल, मूलही होईल. मूल होईल, हे तिनं दोनदा विचारून घेतलं.

गावी जाण्याआधी ती बापाला रिक्षातून जुनी शुक्रवारीला घेऊन गेली. तिला धरून धरून उतरवावं लागलं. गल्लीतल्या बाया दारात आल्या. पण तिचा चेहरा असा होता की जणू हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आली आहे. वामनरावांच्या पुढे तिनं कागद ठेवला.

वामनरावांनी चष्मा लावून वाचला. त्यांना इंग्रजी बेताचं येत होतं. "म्हंजे रोग हाये," ते म्हणाले.

"हाये मामाजी. मी खोटं बोलत नव्हती. गहू सोडला का बरी होते. पोरबी होते म्हणे."

"रोग कधीपासून हाये?"

तिनं डॉक्टरने सांगितलं होतं तसंच सांगितलं. जन्मापासून असू शकतो, आईबापाकडून येतो.

सिंधूताई आतून आल्या. एवढा वेळ त्या दाराआड ऐकत होत्या. कौशल्येला वाटलं होतं की त्या आता तरी काही बोलणार नाहीत.

"आयकलं का?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "जन्माचा रोग. आईबापाचा. अन् यायनं तोंड दाबून आपल्या गळ्यात बांधली पोट्टी." मग बळीरामाकडे वळून, "काहून इवाई, तवा काहून नाही सांगतलं? आमी भाकर खानारे, आमाले पोळी पचत नाही, एवढं सांगता नाही आलं?"

बळीराम म्हणाला, आम्हाला तरी कुठं माहीत होतं, घरी गहू यायचाच कितीसा. ते खरंच होतं. पण खरं बोलताना त्याचा आवाज चोरासारखा निघाला, आणि सिंधूताईंनी तो आवाज ओळखला.

"आत्याबाई, तुमी तं म्हणत होत्या रोग नाही, सोंग हाये," कौशल्या म्हणाली.

"मी काय डाक्टर हावो? आता डाक्टरनंच लिहून देल्लं. बरं झालं."

वामनरावांनी कागदाची घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. कौशल्येने हात पुढे केला, तो तिला हवा होता. ते म्हणाले, राहू द्या माझ्याजवळ, ताराचंदच्या वकिलाला दाखवावा लागेल, लग्नात फसवणूक झाली हे दाखवणं याने सोपं होईल. तिनं बापाकडे पाहिलं. बळीराम रिक्षावाल्याला थांब म्हणायला बाहेर गेला होता, का कोण जाणे.

मुकुंद कामावरून आला तेव्हा ती उंबऱ्यातून उतरत होती. त्यानं तिचे हात पाहिले, काडीसारखे. सगळं ऐकून घेतलं. तिनं सांगितलं ते त्याला पटलं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. पाहिलेली दुसरी मुलगी, आई, कागद, सगळं बाजूला ठेवून त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतकं थेट त्यानं तिच्याकडे क्वचितच पाहिलं असेल.

"डाक्टरनं इचारलं तवाच सांगून द्यायचं होतं न," तो हळू आवाजात म्हणाला. "माह्या जन्माचं वाटोळं केलं तू."

आतून आईने जेवायला हाक मारली. तो चपला काढून आत गेला.